रेडिएटर, किडे आणि रस्त्यावरचे खडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा उसळी घेतात: वळवाचा पहिला पाऊस झाला की, आणि ऊसतोडणी सुरू झाली की. एकाच उत्तरात दोन गोष्टी कोंबण्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, तो पाहावा.

१. ग्रिलमधून आत डोकावलं की जे चंदेरी दिसतं, तो रेडिएटरच ना?

बहुतेक गाड्यांत नाही. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा तापलेला गॅस थंड करणारा भाग. त्याच्या मागे बोटभर फटीवर रेडिएटर आणि त्याच्याही मागे पंखा. टर्बो गाडीत इंटरकूलरही (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा) असतो. तो कुठे खाली आडवा, कुठे कडेला, तर काही गाड्यांत इंजिनाच्या डोक्यावर. याचा अर्थ असा की उडालेला खडा आधी कंडेन्सर खातो. त्यामुळे पहिलं नुकसान एसीच्या गॅसचं होतं, कूलंटचं (रेडिएटरमधून फिरून इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) नंतर. मोटरसायकलला कंडेन्सर नसतो, तिथे रेडिएटरच पहिल्या रांगेत (प्रश्न १२).

२. चार किडे चिकटले तर एवढं काय बिघडतं?

चार किड्यांनी काही होत नाही. पण दोन फिन्समधली (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्यांमधली) फट जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते. किड्याचं अंग वाळून गळतं, पंख आणि चिकट भाग फटीत राहतो. त्यावर धूळ बसते, वरून पाणी उडालं की त्याचा लगदा होतो आणि तो इंजिनाच्या उष्णतेने भाजून पक्का होतो. लक्षणं साधारण याच क्रमाने येतात: सिग्नलला एसी गार हवा देईनासा होतो, पंखा सारखा चालू राहतो, आणि शेवटी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हलतो.

काट्यावर फार भिस्त ठेवू नका. आजच्या बऱ्याच गाड्यांत कूलंट ८५ अंशांवर असो की १०० वर, काटा मधेच बसून राहतो. तो वर सरकतो तेव्हा उशीर झालेला असतो.

३. सर्वात जास्त त्रास कधी आणि कुठे होतो?

मे-जूनमध्ये वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. ऊसपट्ट्यात अशा झाडांच्या रांगेतून दिवेलागणीला गाडी नेली तर बोनेटवर गारा पडल्यासारखा टपटप आवाज येतो. पहिल्या पावसानंतरची पंखवाली वाळवी त्याहून मऊ, पण संख्येने कितीतरी जास्त. समृद्धीसारख्या रस्त्यावर ताशी १२० ने तासन्‌तास चालवलं तर एका संध्याकाळीत ग्रिल भरतं.

नोव्हेंबरपासून कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे ट्रॉल्यांतून सांडलेलं पाचट आणि फड पेटवल्यावर उडणारी काजळी. त्याच सुमाराला विदर्भ-खानदेशात कापसाचे तंतू. हे तंतू किड्यांपेक्षा वाईट, कारण ते फिन्सवर गोधडीसारखे पसरतात आणि समोरून पाहिलं तर नुसती धूळ वाटते. कोकणात लाल माती आणि खारी हवा, मराठवाड्यात काळी माती. ती वाळली की विटेसारखी होते.

४. मग ग्रिलला जाळी लावावीच का?

बहुतेक गाड्यांना बंपरच्या खालच्या मोठ्या उघड्या भागात मोठ्या भोकांची जाळी पुरते. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे तिथूनच घुसतात. वरच्या ग्रिलच्या पट्ट्या आधीच जवळजवळ असतील तर तिथे जाळीची गरज नाही.

जाळीचं काम खडे आणि पाचटाच्या काड्या अडवण्याचं. किडे अडवण्यासाठी बारीक जाळी लावणं हा उपाय आमच्या मते रोगापेक्षा वाईट आहे. किडा कंडेन्सरऐवजी जाळीवर मरतो एवढाच फरक, हवा दोन्हीकडे अडतेच. किड्यांवर उपाय धुण्याचा (प्रश्न ७).

५. कोणती जाळी घ्यावी? दुकानदार म्हणतो “हवा भरपूर जाते.”

मोजून बघा. विणलेल्या चौकोनी जाळीत उघडा भाग काढायचा असेल तर भोकाच्या मापाला भोक अधिक तार या मापाने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. ६ मिमी भोक, १ मिमी तार: ६ भागिले ७, वर्ग केला की सुमारे ७३ टक्के. १० मिमी भोक, १.२ मिमी तार: सुमारे ८० टक्के. खिडकीची मच्छरजाळी, भोक १.२ आणि तार पाव मिमी: तब्बल ६८ टक्के.

इथेच फसायला होतं. कोरड्या हिशोबात मच्छरजाळी फार मागे दिसत नाही. पण तिच्या भोकात एक चिलट बसलं की ते भोक बंद. ६ मिमीच्या भोकात तेच चिलट एका तारेला चिकटतं, बाकी वाट मोकळी राहते. शिवाय बारीक तारांच्या गर्दीतून हवेला घासत जावं लागतं, ते टक्क्यांत दिसत नाही.

गोल भोकं पाडलेला पत्रा दिसायला छान, पण टाळा. ५ मिमीची भोकं ८ मिमी अंतरावर तिरक्या रांगांत असलेला पत्रा जेमतेम ३५ टक्के उघडा असतो.

कारसाठी ६ ते १० मिमी भोक, १ मिमीच्या आसपास तार, एसएस ३०४ (न गंजणारं स्टील) किंवा पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम. साधी लोखंडी जाळी एका पावसाळ्यात गंजते आणि तिचे तुकडेच आत जातात.

६. घरी बसवायची तर कशी?

लागणारं सामान: जाळी (उघड्या भागापेक्षा चारही बाजूंनी १५ मिमी मोठी), पत्रा कापायची कात्री, काळे केबल टाय १०-१२ नग, कडेला लावायला यू आकाराची रबर बीडिंग, हातमोजे. पुठ्ठ्याचा साचा आधी कापून बसवून बघा. जाळी वाया जात नाही.

एक, इंजिन पूर्ण थंड असू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. किल्ली काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा अचानक फिरतो. दोन, जाळी साच्याप्रमाणे कापून कड आत दुमडा आणि बीडिंग चढवा. तीन, जाळी प्लॅस्टिकच्या ग्रिलला किंवा बंपरच्या पट्ट्यांना आतून बांधा. केबल टायचं शेपूट मुळाशी कापा, लांब ठेवलं तर फडफडून आवाज करतं. चार, जाळी आणि कंडेन्सर यांच्यात किमान दोन सेंटिमीटर जागा आहे का ते बोट घालून पाहा.

ही दोन सेंटिमीटर फार महत्त्वाची. जाळी कोअरला (कंडेन्सर-रेडिएटरच्या नळ्या-फिन्सच्या भागाला) चिकटून असेल तर तिच्यावर अडकलेलं पान मागचा तेवढा भाग पूर्ण बंद करतं. अंतर असेल तर हवा बाजूने वळून आत शिरते. दुसरं कारण घर्षणाचं. काही जण केबल टाय सरळ फिन्समधून आरपार घालून जाळी कंडेन्सरलाच बांधतात. गाडीच्या थरथरीने तार नळीवर घासत राहते आणि काही महिन्यांत भोक पडतं. कोकणात स्टीलची जाळी अॅल्युमिनियमला टेकली तर खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, ते वेगळंच.

७. कंडेन्सर-रेडिएटर धुवायची योग्य पद्धत काय?

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, नाहीतर बंद केल्यावर किमान दोन तासांनी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली.

आधी समोरून साधं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या. मग बादलीभर पाण्यात झाकणभर गाडीचा शॅम्पू मिसळून स्प्रेच्या बाटलीने मारा आणि पुन्हा दहा मिनिटं थांबा. किड्यांचा चिकट भाग भिजून सुटतो, घासावा लागत नाही. मऊ ब्रश फिरवायचाच असेल तर फिन्स ज्या दिशेने उभ्या आहेत त्याच दिशेने, आडवा कधीच नाही.

आता मुख्य भाग: बागेच्या पाइपने पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, म्हणजे कचरा ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने निघेल. पंखा आड येतो, तेव्हा पाइपचं तोंड वरून फटीत घालून वेगवेगळ्या जागी धरा. खाली पडणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाणी बॅटरीवर, अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या जोडांवर जाऊ देऊ नका. शेवटी तार जोडा आणि गाडी दहा मिनिटं चालू ठेवून वाळवा.

खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. समोरून कंडेन्सर लखलखीत आणि मागे बोटभर जाड वाकळ, हे सर्रास दिसतं. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टॉर्चने त्या फटीत बघा. तिथे कचरा दिसला आणि पाण्याने निघाला नाही, तर वर्कशॉपमध्ये वरचे बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे घ्यायला सांगा.

हे सगळं वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याआधी. महामार्गावर संध्याकाळचा लांब प्रवास झाला तर दुसऱ्या दिवशी निदान समोरून भिजवून पाणी मारा. ताजे किडे पाच मिनिटांत जातात, आठवड्याने पाऊण तास घेतात.

८. वॉशिंग सेंटरवाला प्रेशर गनने धुतो, ते चालतं का?

जवळून नाही. फिन्स कागदासारख्या पातळ असतात, तिरका झोत लागला की गवतासारख्या लोळतात. मारायचाच असेल तर पंख्यासारखा पसरणारा झोत, दोन फूट अंतर, आणि अगदी सरळ समोरून. समोरून जोरात मारल्याने कचरा आणखी आत ठासला जातो, ही दुसरी अडचण. काम सुरू करण्याआधीच “पुढं गन मारू नका” असं सांगितलेलं बरं.

कॉम्प्रेसरची हवा चालते, पण ३० पीएसआयच्या आत आणि मागून पुढे.

९. रॉकेल, डिझेल, ॲसिड, कपड्यांची पावडर यातलं काय वापरावं?

यातलं काहीही नाही. रॉकेल-डिझेलने मळ सुटतो खरा, पण तेलकट थर मागे राहतो आणि पुढच्या आठवड्यात त्यावर दुप्पट धूळ बसते. ॲसिड आणि कॉस्टिक सोडा दोन्ही अॅल्युमिनियम खातात. धुतल्यावर जी “चकाकी” येते ती धातूचा वरचा थर गेल्याची. कपड्यांच्या पावडरीचा सोडा राहून पांढरे डाग पडतात.

१०. फिन्स वाकल्या आहेत. कंडेन्सर बदलावा लागेल का?

फक्त फिन्स वाकल्या असतील आणि नळीला धक्का नसेल तर नाही. फिन कोंब (फिन्स सरळ करायचा कंगवा) मिळतो, त्याचे दात तुमच्या फिन्सच्या अंतराशी जुळणारे निवडा आणि हलक्या हाताने एकाच दिशेने ओढा. नसेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक सरळ करता येते. स्क्रू ड्रायव्हर किंवा सुई नको, निसटली की नळीत जाते. तळहाताएवढा भाग लोळला असेल तर मेहनत घ्या. नखाएवढे दोन-चार ठिपके असतील तर सोडून द्या.

११. गाडी गरम होते. किडे-कचरा हेच कारण आहे हे कसं ओळखावं?

कधी गरम होते ते बघा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर शांत होते: पंखा, त्याची मोटर, रिले किंवा सेन्सर तपासा. महामार्गावर वेगात किंवा कसारा-खंबाटकीसारख्या घाटात एसी लावून चढताना तापते, पण गावात ठीक असते: हवेची वाट बंद, नाहीतर रेडिएटर आतून चोंदलेला. वेगात पंख्याची गरजच पडत नाही, समोरून येणारा वाराच काम करतो. म्हणून त्या वेळी तापली तर संशय कोअरवर.

तिसरी शक्यता फार वेळा सुटते. रेडिएटरच्या कडेने स्पंजाच्या पट्ट्या आणि बंपरखाली प्लॅस्टिकचं हवा वळवणारं कव्हर असतं. बंपरचं काम झाल्यावर ते परत बसवायला विसरतात. मग हवा कोअरमधून जाण्याऐवजी बाजूने सटकते. बंपर रंगवून आणल्यावर गाडी तापायला लागली असेल तर आधी हेच बघा.

१२. मोटरसायकलच्या रेडिएटरला गार्ड लावावा का?

पल्सर एनएस २००, हिमालयन ४५०, आर १५ अशा लिक्विड कूल्ड गाड्यांना, हो. रेडिएटर पुढच्या चाकाच्या अगदी मागे असतो आणि स्वतःचंच चाक त्याच्यावर खडे मारतं. आठ-दहा मिमी भोकांचा गार्ड, कोअरपासून किमान एक सेंटिमीटर दूर. त्याहून उपयोगी म्हणजे पुढच्या मडगार्डला खाली जोडायचा एक्स्टेंडर. तो चिखल आणि खडे मुळातच रोखतो, हवा मात्र अजिबात अडवत नाही. दोन्हीपैकी एकच घ्यायचं तर एक्स्टेंडर घ्या. एरॉक्स स्कूटरचा रेडिएटर इंजिनाच्या उजव्या अंगाला असतो, तो चिखलाने भरतो आणि नजरेला पडत नाही.

१३. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर तापतो. पुढची जाळी काढून ठेवली तर?

काढू नका. ती सरकवून बाहेर काढता येणारी जाळी भुसा अडवण्यासाठीच दिली आहे. ती काढली की सकाळी इंजिन थंड राहतं आणि संध्याकाळी भुसा कोअरमध्ये पक्का बसलेला असतो. जाळी झाडून काढायला दोन मिनिटं लागतात, कोअर साफ करायला अर्धा दिवस.

पंखा चालू असताना भुसा ओढून धरलेला असतो, इंजिन बंद केलं की त्यातला बराच आपोआप गळतो. म्हणून इंजिन बंद करून जाळी काढा, झटका, परत बसवा. मळणीच्या दिवशी हे दर दोन-तीन तासांनी. दिवसाअखेर पंख्याच्या बाजूने पुढे कमी दाबाची हवा मारा. कुठून तेल झिरपत असेल तर ते आधी बंद करा, तेलावर भुसा सिमेंटसारखा धरतो. वाऱ्याची दिशा बघून मळणीयंत्र लावलं, म्हणजे उडालेला भुसा ट्रॅक्टरच्या तोंडाकडे येणार नाही असं, तर निम्मं काम तिथेच होतं. एक्झॉस्टवर साठलेला भुसाही काढा, तो पेटतो.

१४. कंडेन्सरला खडा लागला. गॅस गेला हे कसं कळेल, आणि एम-सीलने भागेल का?

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग दिसतो आणि त्यावर धूळ काळी होऊन चिकटते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात, पण सिस्टिममध्ये गॅस शिल्लक असेल तरच.

एम-सील नाही. उन्हाळ्यात चालू एसीच्या कंडेन्सरमध्ये २०० ते ३०० पीएसआय दाब असतो. लेप आज नाही तर उद्या सुटतो, आणि तोवर भरलेला गॅस वाया. कंडेन्सर बदलताना ड्रायर बदला (तो गॅसमधला ओलावा शोषतो; बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरसोबतच येतो), कमी झालेलं तेल मापाने घाला, अर्धा तास व्हॅक्यूम करून घ्या आणि गॅस बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये वजन करून भरायला सांगा. अंदाजे भरलेला जास्त गॅसही एसी गार करत नाही.

१५. वॉरंटीत किंवा विम्यात मिळतं का?

दगड लागून झालेलं नुकसान हा उत्पादनातला दोष नाही, त्यामुळे वॉरंटीत सहसा बसत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत अपघाती नुकसान म्हणून दावा करता येतो, पण हिशोब करा. दावा न केलेल्या वर्षांची सवलत पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत पाच वर्षांनी ५० टक्के होते, आणि एका दाव्याने ती जाते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला १००० रुपये आणि त्यावरच्या कारला २००० रुपये सक्तीने स्वतःचे घालावे लागतात. सवलत ५० टक्क्यांवर पोहोचली असेल तर छोट्या कामासाठी दावा न करणंच बऱ्याचदा परवडतं.

१६. जाळीऐवजी पुढे लोखंडी बंपर गार्ड लावला तर?

खडे-किड्यांसाठी त्याचा उपयोग शून्य, आणि तो बेकायदा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर मोटार वाहन कायद्याखाली कारवाई करायला सांगितलं. धडकेत पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं. ग्रिलच्या आतली जाळी हा प्रकार वेगळा.

१७. माझ्या गाडीत एडीएएस (रडार-कॅमेऱ्याने समोरचं बघून आपोआप ब्रेक वगैरे लावणारी यंत्रणा) आहे. जाळी चालेल का?

धातूची जाळी रडारच्या समोर येता कामा नये. रडार गाडीनुसार लोगोच्या मागे, ग्रिलमध्ये किंवा खालच्या बंपरात असतो, म्हणजे नेमका तिथेच जिथे आपण जाळी लावतो. धातू त्याच्या लहरी परतवतो आणि ऑटो ब्रेक बंद पडतो किंवा भलतीकडे लागतो. मॅन्युअलमध्ये जागा बघा आणि तेवढा भाग चारही बाजूंनी ऐसपैस मोकळा ठेवा. मोकळा ठेवता येत नसेल तर जाळीचा विचार सोडा.

ग्रिलमागे आपोआप उघडझाप करणारी झडपं असतील तर जाळी किंवा केबल टाय त्यांच्या फिरण्याच्या वाटेत येत नाही ना, हेही तपासा.

१८. इलेक्ट्रिक गाडीला ही भानगड नाही ना?

आहे. लिक्विड कूल्ड बॅटरी असलेल्या इलेक्ट्रिक कारला रेडिएटर असतो, आणि एसी आहे म्हणजे कंडेन्सरही आला. कचरा साठला तर फास्ट चार्जिंगला वेग कमी होतो, कारण बॅटरी गार ठेवता येत नाही. धुण्याची पद्धत तीच, फक्त प्रश्न ७ मधली बॅटरीची तार स्वतः काढू नका. गाडी चार्जिंगवर नाही आणि पूर्ण बंद आहे याची खात्री करा, केशरी वायरींपासून पाणी दूर ठेवा, आणि मागून धुण्याचं काम वर्कशॉपला द्या.

१९. जाळी लावल्यापासून गाडी जास्त तापते असं वाटतं. खात्री कशी करू?

ओबीडीचं (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारं) छोटं ब्लूटूथ यंत्र लावा, मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. एकच घाट, एकच वेग, एसी चालू, साधारण सारखं हवामान: एकदा जाळीसह, एकदा जाळी काढून. पाच-सहा अंशांहून जास्त फरक पडला तर भोकं मोठी करा किंवा वरच्या ग्रिलवरची जाळी काढून फक्त खालची ठेवा.

२०. घाटातच काटा वर गेला तर?

एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण जोरात. काचा उघडा. हीटरही छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागी थांबा. वाफ किंवा गळती नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू द्या. वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा काटा उतरलाच नाही तर लगेच बंद करा. रेडिएटरची टोपी उघडू नका. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबून मऊ लागेपर्यंत थांबा, पाऊण तास तरी जातो. तापलेल्या रेडिएटरवर बाहेरून गार पाणी ओतल्याने तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर ग्रिलमध्ये अडकलेली पॉलिथिनची पिशवी सापडली, असंही होतं.

२१. दसऱ्याचा हार किती दिवस ठेवावा?

पूजेपुरता. ग्रिलवर घट्ट बांधलेला झेंडूचा जाड हार हवा अडवतो. सुकल्यावर पाकळ्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत जातात, आणि हाराचा नायलॉनचा दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला तर मोटर जळते. बोनेटवर आडवा ठेवा, लांबच्या प्रवासाआधी काढा, आणि काढताना दोरा पूर्ण निघाला ना ते बघा.